गुरुवारचं पाणी

घर बघायला आलेल्या माणसाच्या हातात नाना आधी फावडं देत. चहा त्यानंतर. आणि घर दाखवणं, माणूस तोवर टिकलाच तर.

मी धुळ्यात घरं-जागा विकून देण्याचं काम करते. इतक्या वर्षांत मालक पुष्कळ पाहिले. कोणी भिंतीच्या ओलीवर कॅलेंडर टांगतो, कोणी बोअरिंगला पाणी आहे म्हणून देवाची शपथ घेतो. पण गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊन त्याला नापास करणारा मालक एकच भेटला. ते पारोळ्याबाहेरचे नाना.

त्यांचा बंगला ठीकच होता. कौलारू, सात खोल्या, आणि एक न्हाणीघर, ज्याची कडी आतून लागत नसे, म्हणून आत गेलेल्याने गाणं म्हणायचं असा घरचा रिवाज. खरी मालमत्ता म्हणजे बाग. नानांच्या आजोबांचा कापसातली सरकी काढायचा जिन होता. हाती पैसा खेळायला लागल्यावर त्यांनी इंदूरहून माळी आणला, आणि त्याने विहिरीपासून दगडी पाट काढून सोळा वाफे, मेंदीची कुंपणं, बकुळीची रांग, मधोमध आठकोनी हौद आणि त्यात कारंजं असं सगळं दोरी लावून आखलं. आखणी अजून तशीच्या तशी आहे. कारंजं मात्र मी कधी उडताना पाहिलं नाही. विचारलं तर नाना म्हणत, "ते आराम करी ऱ्हायनं."

'ऐतिहासिक बागेसह बंगला विकणे आहे' अशी पाटी मी फाटकावर लावली. पुढच्या खेपेला पाहिलं तर नानांनी ती पुसून खडूने लिहिलेलं, 'बाग देणे आहे. घर सोबत आहे.'

घर फक्त गुरुवारी दाखवायचं, कारण गुरुवार हा बागेच्या पाण्याचा दिवस. सकाळी नऊला मोटार चालू झाली की पाणी पाटाने निघायचं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. आमच्याकडे याला बारं देणं म्हणतात. शेतातली माणसं बोलता बोलता करतात. बाकीच्यांचे हाल होतात.

नाना हौदाच्या काठावर बसून बघत. घराचं कोणी काही विचारलं की म्हणत, "पह्यले पानी दे, मंग बोलसूत. घर काई पळी नही जास."

धुळ्याच्या एका डॉक्टरांनी तिसऱ्या वाफ्यातच चप्पल गमावली. ती अजून तिथेच आहे. जळगावच्या एका सराफाने ड्रायव्हरला पुढे केलं. ड्रायव्हरने झकास बारं दिलं, तेव्हा नानांनी घर ड्रायव्हरला द्यायची तयारी दाखवली. एका बिल्डरने हौदाच्या जागी पोहण्याचा तलाव बरा दिसेल असं सुचवलं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. निकाल नाना मला बाजूला घेऊन सांगत, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो फाटकापर्यंत जाई. "याले नही देवानं. याले पानी समजस नही."

दोन वर्षं हे चाललं. पुण्याहून नानांचा मुलगा मला फोन करून करून थकला. त्याचंही चूक नव्हतं. नाना ब्याऐंशीचे, घरात एकटे, पाटात दोनदा पडलेले. फावडं आता दोन वाफ्यांपुरतंच पेलायचं. पूर्वेकडचे चार वाफे वाळून गेले होते. मी नानांना स्पष्ट सांगितलं की उन्हाळ्याच्या आत घर गेलं नाही तर विकायला बाग उरणार नाही, नुसती आखणी उरेल. त्यांनी मला फावडं दिलं. मी परत केलं.

मग नशिराबादच्या वानखेडे बाई आल्या. शिक्षिका, नवरा भुसावळहून रेल्वेतून नुकताच निवृत्त. बाईंनी घराचं काही विचारलंच नाही. पदर खोचला, चप्पल काठावर ठेवली आणि फावडं घेतलं. लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात आईबरोबर बारं दिलंय, म्हणाल्या. तीन वाफे भरले, माती इकडची तिकडे झाली नाही. मी मनात खरेदीखताची तारीखसुद्धा धरली.

चौथ्या वाफ्याला पाणी येईना. मोटार तर चालू होती, नाना नुकतेच बघून आले होते. बाईंनी क्षणभर कान दिला आणि पाटाच्या कडेने सरळ विहिरीकडे गेल्या. पाटाच्या तोंडात नानांचा पंचा बोळा करून कोंबलेला. मी नानांकडे पाहिलं. ते जन्मात पहिल्यांदा बकूळ बघत असल्यासारखे वर बघत होते.

बाईंनी पंचा काढला, पिळला, मेंदीवर वाळत घातला आणि परत येऊन चौथा वाफा फोडला.

"पंचा पडना व्हई," नाना म्हणाले.

मी त्यांना घरात नेऊन फैलावर घेतलं. परीक्षा तुमची, कॉपी पण तुमचीच? विकायचं आहे की नाही ते एकदा सांगा, मला दुसरीही कामं आहेत. ओट्यावर सहा कपबशा धुऊन, पुसून ओळीने मांडल्या होत्या. दर गुरुवारी असत. माझं तिकडे आजवर लक्ष गेलं नव्हतं. नाना त्यांतला एक कप सरळ करत म्हणाले, "हाई पास व्हयनी त मंग गुरुवारले कोन येई?"

मी चहा टाकला.

बाई पास झाल्या. महिन्याभरात कागद झाले आणि नाना पुण्याला नवव्या मजल्यावर गेले. पहिल्याच गुरुवारी बाराच्या सुमारास फोन आला. "ताई, पानी कोठलोंग उनं?" कुठवर आलं म्हणून मला विचारत होते, आणि मी ऑफिसात एका भाडेकराराच्या मागे लागलेले. लिंबाच्या वाफ्यापर्यंत आलं, मी ठोकून दिलं.

"खोटं नको बोलू, ताई. बारा वाजता पानी पेरूले लागस."

तेव्हापासून मी गुरुवारी आधी वानखेडे बाईंना फोन करते, मग नानांचा उचलते. तुम्ही बाईंनाच का विचारत नाही, असं मी एकदा म्हणाले. त्यांच्या कामात खोळंबा नको, असं उत्तर आलं. माझ्या कामाची त्यांना तेवढी काळजी नसावी.

मागच्या गुरुवारी एका सहीसाठी मी बाईंकडेच गेले होते. पूर्वेचे चारही वाफे हिरवे झालेत. सकाळपासून लाईट नव्हती, मोटार बंद, पाट कोरडा. बाराला फोन वाजला. मी सांगितलं, नाना, आज लाईट नाही, पाणी नाही. सोडलेलंच नाही.

नाना म्हणाले, "मंग बस थोडी. लाईट येस तवलोंग."

मला अमळनेरला एक प्लॉट दाखवायचा होता. मी हौदाच्या काठावर बसले, फोन कानाला. नानांनीही फोन ठेवला नाही.

लाईट पाऊण तासाने आली.