धर्मादादाचं नख

पनवेलजवळच्या पळस्पे नाक्यावरच्या धर्मादादाच्या डाव्या करंगळीचं नख चांगलं पाऊण इंच वाढलेलं होतं, आणि त्याला तो डोळ्यांपेक्षा जपत असे. जेवताना डावा हात मांडीखाली. आम्हा कार्यकर्त्यांच्या सभांना यायचा, पण टाळी वाजवायचा नाही. उजव्या हातानं गुडघ्यावर थाप मारायचा. "नख तुटला तं गाड्या कोन बगल?" म्हणायचा.

दादा मिस्त्री. ट्रकचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. चाकातला तेलाचा सिलिंडर आतून झिजला की ब्रेक दगा देतो. तो दुरुस्त करायचा की नवा घालायचा, हे दादा आतून नख फिरवून ठरवी. आतल्या चऱ्यात नख अडलं तर नवा, नाही अडलं तर घासून जुनाच. पुढे अपील नाही.

मी तेव्हा पत्रकं काढत होतो. मोऱ्याच्या बंदरावरून मासळी आणि तिच्यावर बसलेल्या कोळणी आणणाऱ्या ट्रकचा मालक माणसांच्या जिवाशी खेळतो, हे मी छापलंच होतं. चारही सिलिंडर नवे पाहिजेत, ही आमची मागणी. ट्रक दादाच्या शेडमध्ये आला, तेव्हा मी जाऊन उभाच राहिलो.

पहिल्या तिन्हींत नख अडलं नाही. घासून चालतील, दादा म्हणाला. तुम्ही मालकाचे माणूस आहात, असं मी तोंडावर सांगितलं.

"तुमच्या कागदावरपन फिरवू काय नख?" त्यानं विचारलं.

चौथ्यात अडलं. शेजारी उभा असलेला मालक म्हणाला, हाही घास. नवा मुंबईहून यायला दोन दिवस लागतील, तोवर मासळी कुजेल. ऐकलं नाहीस तर माझी एकही गाडी तुझ्या दारात येणार नाही. दादानं सिलिंडर उचलून स्वतःच्या खिशात घातला.

"न्या गाडी," तो म्हणाला. "बिरेक माझे खिशान हाय."

दोन दिवस ट्रक हलला नाही. बाजारात कोळणींनी दादाच्या नखाचा उद्धार केला. नवा सिलिंडर बसला, ट्रक गेला, आणि मालकानं शब्द खरा केला. त्याची गाडी पुन्हा आली नाही. माझी छाती मात्र फुगली. असा माणूस आमच्या पनवेलचा! मी त्याच्या नावानं पत्रक लिहिलं आणि दाखवायला घेऊन गेलो.

शेड रिकामी होती. दादा एका जुन्या जॅकपुढे बसला होता. तेल ठिबकत होतं, खाली करवंटी. मी जॅकच्या दांड्यावर नख फिरवलं. जागोजागी अडलं. हा फेकायला हवा, मी म्हणालो.

"त्याचे खाली कोनाला जाव देत नाय मी," तो म्हणाला. मग हळूहळू सांगू लागला. धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी बोटीवर खलाशी म्हणून गेला. पत्र नाही. जाण्याआधी जॅकमध्ये शेवटचं तेल त्यानं भरलं होतं. गळालेलं तेच तेल दादा रोज संध्याकाळी परत भरत आला होता. बोलता बोलता दादानं करवंटीतलं तेल परत जॅकमध्ये ओतलं, थेंबही न सांडता.

"निदान आतला वायसर तरी बदला," मी म्हणालो.

"बदलला तं तेल गलाचा थांबंल," दादा म्हणाला. "मंग सांजचे मी करू काय?"

मी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि करवंटी परत जॅकखाली सरकवली.