चारोळी टिंब समुद्र

एका जंगलात, ज्याचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण नावांचे काय होते हेच या गोष्टीत सांगायचे आहे, एक फार जुना वड होता.

बालमित्रांनो, नीट बसा. गोष्ट चालू असताना पाय हलवू नयेत.

त्या जंगलात सिंह राज्य करीत असे. तो बहुतेक वेळ झोपलेला असे. या गोष्टीत त्याचे काहीही काम नाही. राज्यातही नव्हते.

सर्व व्यवहार वडाखाली चालत. ज्याला काही विकायचे असे, तो वडाच्या एका पारंबीवर आपले नाव कोरून घेई. तोच त्याचा पत्ता. अस्वलाचा पत्ता होता ‘मध टिंब वड’. सुगरणीचा पत्ता होता ‘घरटी टिंब वड’. कोणाला मध हवा असला, की तो जवळच्या पारव्याच्या कानात पत्ता सांगे. पारवा निरोप घेऊन नेमक्या पारंबीवर जाऊन बसे. तुमच्या घरातील मोठी माणसे पडद्यावर बोटाने पत्ते लिहितात, तोच हा प्रकार. पारव्यांना दाणे घालावे लागत, एवढाच फरक.

अडचण एकच होती. सुटसुटीत नावे सर्वांच्या आजोबांनीच घेऊन ठेवली होती. त्या काळी एक पारंबी एका जांभळाला मिळे.

वडापासून थोड्या अंतरावर एका सागाच्या ढोलीत भिंगरी नावाची खार राहत असे. तिचा पती झुपकेराव. भिंगरी चारोळी वेचत असे, फोडत असे, वाळवत असे आणि विकत असे. झुपकेराव दूरदृष्टीचे काम पाहत.

त्यांचा पत्ता होता ‘भिंगरीबाईंची अस्सल सोललेली चारोळी टिंब वड’. तो सांगून होईपर्यंत काही पारवे झोपी जात. तरीही गिऱ्हाईक येई, कारण माल चांगला होता.

‘चारोळी टिंब वड’ हे आखूड नाव बापूसाहेब वानरांकडे होते. बापूसाहेबांनी जन्मात एक चारोळी फोडली नव्हती. ते त्या पारंबीवर बसून शेंगा खात.

“बापूसाहेब, नाव विकता का?” झुपकेरावांनी एकदा विचारले.

“आजोबांची आठवण आहे हो ती,” बापूसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी किंमत सांगितली. तेव्हा झुपकेरावांचे डोळे भरून आले.

असे चालले असता त्या जंगलात धनेश नावाचा पक्षी उदयास आला. त्याची चोच अवाढव्य होती आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवावी तसे शिंग होते. त्याचा आवाज ओढ्यापलीकडे जाई. एवढ्या पात्रतेवर तो लिलाव करू लागला.

“वड भरला!” धनेश बेहड्याच्या फांदीवरून गरजला. “टिंबापुढे वडच पाहिजे, हा जुना विचार झाला. आम्ही नव्या शेपट्या आणल्या आहेत. टिंब टेकडी! टिंब सम्राट! टिंब समुद्र! आज घ्या, उद्या दसपटीने विका!”

या शेपट्या धनेशाला कोणी दिल्या, हे कोणी विचारले नाही. त्याने त्या मोठ्याने सांगितल्या होत्या.

शंका फक्त साळिंदरकाकांना आली.

“धनेशराव, इथे समुद्र कुठे आहे?”

“पश्चिमेला.”

“ते खरे. पण इथे कुठे आहे?”

“काका, नावाला वस्तू कशाला लागते? तुमच्या त्या वडाखालच्या मधाच्या पारंबीला कधी मध लागलाय का?”

साळिंदरकाका विचारात पडले. जे आपल्याला समजत नाही ते खोल असते, असे त्यांचे मत होते. त्यांनी तेथल्या तेथे ‘काटे टिंब सम्राट’ घेऊन टाकले.

झुपकेराव धावत घरी आले.

“अगं, ‘चारोळी टिंब समुद्र’ लिलावात निघतंय!”

“मग?”

“मग काय? घ्यायचं! आखूड नाव. रुबाबदार नाव. उद्या हेच बापूसाहेब येतील शेपूट खाली घालून.”

“अहो, आपल्या पत्त्यावर गिऱ्हाईक येतं ना?”

“येतं गं. पण पाहुण्यांना पत्ता सांगताना मला धाप लागते.”

भिंगरीने ढोलीत पाहिले. आत गेल्या हंगामाची चारोळी होती आणि चारोळीवर तीन पिल्ले झोपली होती. बालमित्रांनी येथे लक्षात ठेवावे, की पावसाळ्यात खारीला वेचायला काही मिळत नाही. ढोलीत जे असेल, त्यावर सगळ्यांनी तगायचे असते. ढोली रिकामी असेल तर कोणी तगत नाही.

“साठ्याला हात लावू नका,” भिंगरी म्हणाली.

“छे छे,” झुपकेराव म्हणाले, आणि लिलावाला गेले.

आता थोडे निसर्गज्ञान. धनेशाची मादी अंडी घालण्यापूर्वी एखाद्या झाडाच्या पोकळीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट ठेवते. पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. ज्या बेहड्याखाली लिलाव भरला होता, त्याच्या खोडाला अशी एक फट होती. हा सृष्टीचा एक चमत्कार आहे. त्याचा लिलावाशी संबंध जोडणे अशास्त्रीय ठरेल.

“चारोळी टिंब समुद्र!” धनेश ओरडला. “कोण बोलतंय?”

“एक टोपली चारोळी!” झुपकेराव म्हणाले.

“दोन,” खोडातून घोगरा आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. फटीतून एक चोचीचे टोक दिसत होते.

“हे कोण?” साळिंदरकाकांनी विचारले.

“परदेशी ग्राहक आहेत,” धनेश म्हणाला. “नाव गुप्त ठेवू इच्छितात.”

परदेशी ग्राहकाला हवे आहे असे कळताच ते नाव झुपकेरावांना अधिकच आवडू लागले.

“तीन!”

“पाच,” खोड म्हणाले.

“सात!”

“दहा.”

“अहो, दहाला सोडून द्या,” साळिंदरकाका कुजबुजले. “खोड काही ऐकायचं नाही.”

झुपकेरावांची शेपटी फुलली. त्यांनी डोळे मिटले.

“ढोलीतली सगळी!”

खोड गप्प झाले. ते इतक्या तत्परतेने गप्प झाले, की धनेशाला ‘गेले!’ म्हणायला क्षणही लागला नाही.

त्या संध्याकाळी झुपकेरावांचे मोठे अभिनंदन झाले. भिंगरीने पिल्लांना पाल्यावर निजवले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चारोळी वेचायला गेली, कारण उन्हाळा अजून शिल्लक होता.

मग जंगलात नवे युग आले. सशाने ‘गवत टिंब टेकडी’ घेतले. मुंगसाने ‘सापमुक्त टिंब सम्राट’ घेतले. कासवाने घाईघाईने ‘वेग टिंब समुद्र’ घेतले. त्या पत्त्यांवर कोणी काही विकत नसे. सकाळी सगळे एकमेकांकडे जात आणि आपापल्या नावाचा भाव सांगत. सायंकाळपर्यंत भाव वाढलेला असे.

“अहो, भाव वाढतो म्हणजे नेमकं होतं काय?” भिंगरीने एकदा विचारले.

“काल सांगितला होता त्यापेक्षा आज जास्त सांगतो,” झुपकेराव म्हणाले.

“आणि घेतं कोण?”

“घेणारा योग्य वेळी येतो. घाई करणाऱ्याला बाजार कळत नाही.”

भिंगरी व्यवहारी होती. एवढे मोल देऊन घेतलेले नाव निदान वापरावे, असे तिने ठरवले. लांबलचक जुने नाव तिने सोडून दिले; ती पारंबी लगोलग दुसऱ्या कोणीतरी घेतली. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा पत्ता पाठ करून दिला. हरीण, मोर, उदमांजर, सगळे पारव्यांना सांगू लागले: ‘चारोळी टिंब समुद्र’.

आणि भिंगरीकडे एकही निरोप येईना.

बालमित्रांनो, याचे कारण साधे आहे. पारव्यांच्या कित्येक पिढ्या वडाखाली वाढल्या होत्या. टिंबानंतर वडच येतो, हे त्यांना अंड्यातच ठाऊक असे. त्यामुळे ‘टिंब’ ऐकले, की ते उडत. पुढचे ऐकायला कोणी थांबत नसे. सगळे निरोप ‘चारोळी टिंब वड’ या पारंबीवर जात होते. तेथे बापूसाहेब शेंगा खात बसले होते.

भिंगरीने धनेशाला गाठले.

“पारव्यांना शिकवणार कोण?”

“ते पुढच्या टप्प्यात आहे, वहिनी,” धनेश म्हणाला.

दोन दिवसांनी बापूसाहेब स्वतः सागावर आले. अंगावर सोळा पारवे बसले होते.

“वहिनी, मोठा त्रास झालाय. निरोप माझ्याकडे आणि माल तुमच्याकडे.”

“निरोप माझेच आहेत, बापूसाहेब.”

“असतील. पण बसतात माझ्या पारंबीवर. माल तुम्ही द्या, बदल्यात जे धान्य येईल ते अर्धं अर्धं.”

“अर्धं? वेचायचं मी, फोडायचं मी, वाळवायचं मी! तुम्ही काय करणार?”

“मी बसेन,” बापूसाहेब नम्रपणे म्हणाले. “आजवर बसलो म्हणून तर हे जमलं.”

भिंगरीने पिल्लांकडे पाहिले. आभाळाकडे पाहिले. आणि होकार दिला.

ज्येष्ठ संपत आला. ढोलीत थोडे धान्य आणि नवी चारोळी जमली. तेव्हा धनेश दारात येऊन बसला.

“नूतनीकरण,” तो म्हणाला.

“कशाचं?” झुपकेरावांनी विचारले.

“नावाचं. दर हंगामाला करावं लागतं. तुमचं नाव खास आहे, म्हणून दरही खास. यंदाची सगळी चारोळी.”

“हे लिलावात का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं,” धनेश म्हणाला. “हळू आवाजात.”

त्या दिवशी ढोलीत प्रथमच मोठे भांडण झाले.

“नाव सोडून द्या,” भिंगरी म्हणाली.

“सोडून? मग दिलेली चारोळी वाया नाही का जाणार?”

“ती गेली आहे!”

“गेलेली नाही. गुंतलेली आहे!”

“मग गुंतलेली चारोळी पिल्लांना भरवून दाखवा.”

झुपकेरावांनी पिल्लांकडे पाहिले. मग त्यांनी शपथेवर सांगितले, की पाऊस लागण्यापूर्वी नाव विकून दाखवीन, नाहीतर सोडीन.

ते सशाकडे गेले. सशाने त्यांना ‘गवत टिंब टेकडी’ घेण्याचा आग्रह केला. ते साळिंदरकाकांकडे गेले. काका त्यांच्याकडेच यायला निघाले होते. सगळे जंगल त्या दिवशी वडाखाली जमले. बाजार उत्तम भरला होता. त्यात फक्त विक्रेते होते.

शेवटी झुपकेरावांना परदेशी ग्राहक आठवला. दहा टोपल्यांपर्यंत आलेला खरा रसिक तोच. ते बेहड्याकडे धावले.

ते पोचले तेव्हा खोडाची फट तडकत होती. चिखलाचे ढेकूळ खाली पडले. आतून धनेशाची पत्नी बाहेर आली. कित्येक दिवस बसून तिच्या पिसांचा चोळामोळा झाला होता. मागून दोन गुबगुबीत पिल्ले आली. त्यांच्या चोचींना चारोळीचा चुरा लागला होता.

झुपकेरावांनी ती चोच ओळखली.

आता एखाद्याला वाटेल, की ते संतापले. तसे झाले नाही. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला.

“वहिनी! म्हणजे दहा टोपल्या तुम्हीच बोलला होता! घ्या नाव. नऊला देतो.”

“मला नको,” ती म्हणाली आणि पंख ताणू लागली.

“आठ! वहिनी, पाच! एक टोपली!”

“अहो, आम्हाला ते नाव कधीच नको होतं.”

“मग बोली कशाला लावलीत?”

ती जरा विचारात पडली. बाई प्रामाणिक होती.

“तुम्हाला हवं होतं म्हणून,” ती म्हणाली.

झुपकेराव पाय ओढत सागापाशी आले. आभाळ भरले होते. भिंगरी दारात उभी होती.

“सोडतो,” ते म्हणाले. “नाव सोडतो.” हे म्हणताना त्यांना फार यातना झाल्या, हे नमूद करणे न्याय्य होईल.

तेवढ्यात फांद्या हलल्या आणि बापूसाहेब धापा टाकत आले.

“झुपकेराव! नाव सोडताय असं ऐकलं. असं करू नका हो!”

झुपकेरावांचे कान उभे राहिले. “घेता?”

“छे! मी कशाला घेऊ? ते तुमच्याकडेच शोभतं. तुम्ही समुद्र समुद्र म्हणून जितकं ओरडता, तितके पारवे माझ्याकडे येतात. नूतनीकरण मी भरतो. पण नाव ठेवा.”

भिंगरीने बापूसाहेबांकडे टक लावून पाहिले.

“भरणार कशातून?”

“माझ्या वाट्यातून, वहिनी.”

“आणि तुमचा वाटा कशातून येतो?”

“बसण्यातून,” बापूसाहेब म्हणाले.

अशा रीतीने धनेशाला बापूसाहेबांकडून चारोळीच्या मोलाचे धान्य मिळाले. बापूसाहेबांना पारवे मिळाले. भिंगरीच्या ढोलीत निम्मे धान्य राहिले आणि त्यावर तिने तीन पिल्ले व एक पती पावसाळाभर जगवले. सर्वांचे पोट अर्धेच भरे, तथापि कोणी मेले नाही.

एका दुपारी पाऊस कोसळत असता झुपकेराव ढोलीच्या तोंडाशी बसले होते. त्यांनी बाहेर एक पाटी टांगली होती: ‘चारोळी टिंब समुद्र. विकणे आहे. खऱ्या रसिकांनीच विचारावे.’

“अगं,” ते म्हणाले, “एव्हाना भाव वाढला असेल, नाही?”

भिंगरी पिल्लांसाठी एका दाण्याचे तीन भाग करीत होती.

“वाढवा ना,” ती म्हणाली. “तुम्हालाच तर सांगायचा आहे.”

तात्पर्य, जे मुलांनी पाठ करावे आणि मोठ्यांनी पुन्हा वाचावे: उद्योगी असावे हे खरे, परंतु योग्य पारंबीवर आधी जन्मलेले असावे हे त्याहून खरे. ज्यांना ते साधले नाही, त्यांनी समुद्र विकावा. जे समुद्र विकत घेतील, त्यांनी चारोळी फोडणारी पत्नी अगोदर करून ठेवावी.