ओकुदा-सान हरतात

ओकुदा-सान रोज सकाळी स्वतःशीच खेळायचे आणि हरले की दिवसभर रुसून बसायचे.

खेळ ‘गो’चा. जाड लाकडी पटावर उभ्या-आडव्या रेघा, एकाचे खडे काळे, दुसऱ्याचे पांढरे, आणि एकमेकांना घेरत जागा बळकावायची. ओकुदा-सान काळा खडा ठक्कन ठेवायचे, उठायचे, पटाला वळसा घालून समोरच्या आसनावर बसायचे आणि पांढरा ठेवायचे. मला आधी वाटलं, त्यांच्याकडे पाहुणे आलेत. डोकावून पाहिलं, तर ते समोरच्या रिकाम्या आसनावर डाफरत होते, “ही काय खेळी झाली?”

ते आमचे सेंदाईतले घरमालक. तळमजल्यावर ते, वर आम्ही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला, अविनाशला, तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. घर मात्र कुणी देईना. परदेशी म्हटलं की लोक हसून, कमरेत वाकून नाही म्हणायचे. ओकुदा-साननी एकच प्रश्न विचारला, “गो येतो?” अविनाश म्हणाला, “शिकेन.” झालं, घर मिळालं. आम्ही लेले, पण जपानीत ‘ल’ नाही, म्हणून त्यांच्या तोंडी कायमचे रेरे झालो.

मग दर रविवारी रेरे-सानना खाली बोलावणं. अविनाशने वेडीवाकडी खेळी केली की म्हातारा डोकं धरायचा. “रेरे-सान, खड्याला लाज वाटतेय हो!” मी त्यांची ‘ओकुसान’, म्हणजे वहिनी; मीही सुटले नव्हते. गॅलरीत कपडे दाटीने वाळत घातले की खालून हाक यायची, “ओकुसान, श्वासाला जागा ठेवा, शत्रू घेरेल!” सेंदाईच्या आकाशात मला कावळ्यांखेरीज शत्रू दिसला नाही. “आधी कोपरा, मग कड, मधलं मैदान शेवटी,” हा त्यांचा मंत्र. जेवणाचा डबासुद्धा ते कोपऱ्यापासून खात, आणि भाताच्या मधोमध बसवलेलं आंबट लोणचं अगदी शेवटी.

सुरुवातीला अविनाशला पटावर आधीच मांडलेल्या जादा खड्यांची भलीमोठी सवलत असायची. ती हळूहळू कमी होत गेली, आणि हिवाळ्यात, नेमका ओकुदा-सानच्या वाढदिवशी, आमचा गडी जिंकायला आला. मी शिरा घेऊन खाली गेले होते. खेळ मला फारसा कळत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्याने पटाकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि खडा स्वतःच्याच सुरक्षित जागेत वाया घालवला. वडीलधाऱ्या माणसाला वाढदिवशी कसं हरवायचं? सदाशिव पेठेतले संस्कार, जातात कुठे!

ओकुदा-साननी त्या खड्याकडे पाहिलं, मग अविनाशकडे. मग सगळे खडे गोळा करून वाडग्यांत भरले. “आज इतकंच.” शिऱ्याला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून खालून ठक्क ऐकू येईना. जिन्यात भेटले तरी नुसती मान तुकवायचे. इकडे घराचा करार संपत आलेला, मला सातवा महिना, बाहेर बर्फ. अविनाश म्हणायचा, “मी तर त्यांना जिंकू दिलं! मग रागावले कशावर?” मला झोप येईना. रविवार आला, बोलावणं आलं नाही. शेवटी मीच गेले खाली, माझं मोडकंतोडकं जपानी घेऊन.

त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“ओकुसान, मी आजारी दिसतो का?”

“नाही.”

“मग रेरे-सान मला औषध दिल्यासारखं का जिंकवतात?”

मग त्यांनीच सांगितलं. समोरचं आसन त्यांच्या बायकोचं. तिने त्यांना आयुष्यभर हरवलं, लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा सोडलं नाही. ती गेली, आणि गोच्या क्लबात जमणारी मंडळी त्यांना जिंकू द्यायला लागली. “सगळ्यांना माझी कीव येते. म्हणून तिथे जाणं सोडलं. वाटलं, निदान वरच्यांना ही रीत ठाऊक नसेल.”

मला नवऱ्याचा संताप आला. वर येऊन म्हटलं, “ऊठ. खाली जा आणि त्यांना हरवून ये.”

“अगं, आणि करार?”

“गेला तर गेला! आपण दुसरं घर बघू. पण दया दाखवायला जाऊ नकोस.”

त्या दिवशी दोघं जेवणवेळ टळेपर्यंत खेळले. मी कोपऱ्यात पोटावर हात ठेवून बसले होते. अविनाश घामाघूम, ओकुदा-सान प्रत्येक खेळीला फुरफुरत होते. अखेर जागा मोजल्या, तर अविनाश निसटता जिंकला होता. मग ओकुदा-सान कपाळ चटईला टेकेल इतके वाकले. “माकेमाशिता.” म्हणजे हरलो. डोकं वर केलं तेव्हा तोंडभर हसत होते आणि डोळे पुसत होते. लगेच बोट नाचवत म्हणाले, “पण मधली ती खेळी भिकार होती! पुढच्या रविवारी बघतो तुमच्याकडे.”

अविनाशने चाचरत कराराचं विचारलं.

“त्यावर मागच्या महिन्यातच शिक्का मारलाय. वर न्यायचा राहिला.”

माझ्या जिवात जीव आला. मी उठायला लागले, तर ओकुदा-सान किंचित संकोचून म्हणाले,

“ओकुसान, आठवडाभर जेवण गेलं नाही. वर काही खायला आहे?”

वरण-भात होता. ते दोनदा मागून जेवले.