सव्वीस बटणं आणि माझी मेमरी

स्वस्तात मस्त वाद्य कसं निवडावं, ते माझ्याकडून शिका! मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. दिवसभर लोकांना 'आधीचं स्पष्ट की आत्ताचं?' विचारतो, त्यामुळे निवडीच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती.

झालं असं, की बायकोने नाचत नाचत व्यायामाचा वर्ग काढायचं ठरवलं. पहिल्या दिवशी दहा जणींनी नावं दिली नाहीत, तर हॉल हातचा जाणार होता. ती बिचारी गाण्यांची यादी करत होती. मी म्हणालो, "गाणी कशाला? संगीत मी करतो."

वाद्यांच्या दुकानात मी तीन अ‍ॅनालॉग सिंथेसायझर ओळीने मांडायला लावले. नाचाच्या संगीतातला तो छातीत धपधपणारा आवाज यातूनच निघतो. प्रत्येकाला पियानोसारख्या पट्ट्या आणि वर फिरवायची ढीगभर बटणं. 'आधीचा बरा की आत्ताचा?' असं करत मी दुकानदाराला दोन तास पिळलं आणि सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की याला मेमरी नाही. बटणं हलली की जुळवलेला आवाज गेला.

"मेमरी माझ्या डोक्यात आहे," मी म्हणालो. तो खोकं बांधायला लागला.

तीन आठवडे सव्वीस बटणं पिळल्यावर असा आवाज सापडला, की कपाटाची दारं ठेका धरायला लागली! आईचाही पाय हलत होता, पण ती ते कबूल करत नाही. मी प्रत्येक बटणापाशी पेन्सिलीने खूण केली.

वर्गाच्या दिवशी दाढी करून बाहेर येतो तर आई ओल्या फडक्याने यंत्र पुसतेय. खुणा गायब, आणि सव्वीसच्या सव्वीस बटणं डावीकडे वळवलेली!

"किती बटणं चालू ठेवतोस रे," ती म्हणाली. "सगळी बंद केली. गॅसचंही बघितलं."

हॉलमध्ये चौदा जणी बूट घालून तयार. मी पट्टी दाबली, तर आवाजच नाही. एक बटण फिरवलं, डास गुणगुणला. दुसरं फिरवलं, मिक्सर लागला. एकीने पर्स उचलली. बायको महिनाभर आरशासमोर घाम गाळत होती. तिचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिवावर उदार होऊन मी चार बटणं एकदम फिरवली. आतून फ्रिजसारखं संथ 'घूंऽऽऽ' सुरू झालं.

बायकोने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग ती बायकांकडे वळली. "सगळ्यांनी आडवं व्हा. डोळे मिटा. आज फक्त विश्रांती."

अर्धा तास मी पट्टीवर बोट दाबून उभा होतो. दोघी चक्क घोरल्या. उठल्यावर चौदाही जणींनी नावं दिली, वर बहिणींची, जावांचीही! नाचायचं कोणालाच नव्हतं. आवाज मात्र रोज हाच हवा, असं सगळ्यांनी बजावलं.

आता यंत्र हॉलमध्येच असतं. पट्टीवर माझ्या बोटाऐवजी चष्म्याची डबी ठेवतात. शेजारी खुर्ची टाकून आई पहाऱ्याला बसते, आणि वर पाटी आहे: 'बटणांना हात लावू नये.'

पाटी आईसाठी असेल असं मला वाटलं होतं. पण ती आईनेच लिहिली आहे, माझ्यासाठी.