पडीक रानातले तीन भोपळे

"माझं नाव ऐकलं की अट्टल चोरसुद्धा झोपेत दचकतात," असं दुर्बीण स्वतःविषयी सांगायचा. नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदूला तर तोडच नाही, हेही त्याचंच म्हणणं. दुर्बीण हे नाव गावाने दिलं, ते त्याच्या गळ्यात कायम लटकणाऱ्या दुर्बिणीमुळे. तिची एक काच फुटल्यामुळे त्याला प्रकरणाची एकच बाजू दिसते, असं दाजींचं मत. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि त्याचे बिनपगारी मदतनीस.

पण आजचं प्रकरण दाजींच्याच रानातलं होतं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रान वर्षभर पडीक ठेवल्याबद्दल सरकार त्यांना अनुदान देणार होतं. त्यातून घराचं गळकं छप्पर बदलायचं ठरलं होतं. दाजी इतके सरळ, की रानात पाऊल टाकलं तर कुणी मशागत म्हणेल या भीतीने दोन महिने तिकडे फिरकलेच नाहीत. आज तपासणीचे साहेब चार वाजता येणार म्हणून सकाळी डोकावले, तर मधोमध तीन भोपळे ऐसपैस बसलेले.

ताईने सरळ विळा उचलला. दुर्बिणीने तिला अडवलं.

"ताई, हा पुरावा आहे. पुराव्याला कुणी हात लावायचा नाही."

त्याने भोपळ्यांभोवती सुतळी बांधली आणि तपास सुरू केला. पहिला संशय दूधवाल्यावर, कारण तो हल्ली दाजींकडे बघून हसायचा. चौकशीत कळलं की तो सगळ्यांकडेच बघून हसतो, त्याने नवे दात बसवलेत. मग भोपळे विमानातून टाकले असं ठरलं. दाजींनी भीतभीत विचारलं, मग ही पानं कुठली? ती दिशाभूल आहे, असं उत्तर आलं. आणि पडून एकही भोपळा फुटला नाही, त्याअर्थी टोळी सराईत होती.

तीन वाजता दुर्बिणीने दाजींनाच बांधावर बसवलं.

"शेतकऱ्याचा हात स्वस्थ बसत नाही. दाजी, तुम्ही झोपेत पेरणी केलीत."

दाजींना ते क्षणभर पटलंसुद्धा. ते आपली नखं निरखू लागले.

तेवढ्यात साहेब आले, तेही अर्धा तास आधी. भोपळे पाहून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पीक आढळलं असं लिहावं लागेल, म्हणाले. दाजींनी कपाळाला हात लावला. छप्पर गेलंच म्हणायचं.

ताईने सुतळी ओलांडली, वेल हातात धरली आणि तिच्या मागोमाग चालू लागली. मागे साहेब, त्यांच्या मागे दाजी. वेल कुंपणाच्या तारेखालून बाहेर गेली, पायवाट ओलांडून एका खोलीच्या खिडकीखाली थांबली. खिडकीवर पाटी होती, 'गुप्तहेर कार्यालय'. खाली सालींचा आणि बियांचा ढीग होता. दुर्बीण भाजी चिरायचा आणि उरलेलं खिडकीतून भिरकावायचा. मूळ त्या ढिगात होतं.

मूळ कुंपणाबाहेर, म्हणजे रान पडीकच, असं म्हणत साहेबांनी सही ठोकली. दाजींचे डोळे भरून आले. अशी बायको मिळाली म्हणून त्यांना भरून पावल्यासारखं वाटलं.

साहेबांनी दुसरा कागद काढला. "मग हे पीक कुणाच्या नावावर लिहू?"

दुर्बिणीने घसा खाकरला.

"साहेब, तपास अजून चालू आहे. आरोपीचं नाव आत्ताच फोडता येणार नाही."