सर्वांत लांब रांग

निशिकांतचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता: जिथे सर्वांत लांब रांग, तिथेच खरा माल. सिंगापूरमधल्या बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, तो दहा वर्षं याच तत्त्वावर जेवत आला होता. आधी रांग धरायची, ती कशाची हे पुढे पोचल्यावर कळतंच. त्यामुळे २००६ साली इटलीला निघताना त्याची बायको मीनल म्हणाली, की फ्लॉरेन्सच्या संग्रहालयाची तिकिटं आधीच काढून ठेवू, तेव्हा तो नुसता हसला. वर मराठी मंडळाच्या शिरीषला फोन करून त्याने ऑगस्टमध्ये ‘फ्लॉरेन्सची कलादालने’ या विषयावर व्याख्यान द्यायचंही कबूल केलं.

मीनल लग्नाआधी पुण्यात चित्रकला शिकवायची. शिंपल्यावर उभ्या असलेल्या देवीचं ते प्रसिद्ध चित्र तिने वर्गातल्या मुलींकडून कितीदा तरी काढून घेतलं होतं, तेही जुन्या कॅलेंडरवरून. फ्लॉरेन्सच्या त्या संग्रहालयातलं खरं चित्र एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. बाकी पिसा, व्हेनिस वगैरे तिने नवऱ्याच्या मर्जीवर सोडलं होतं.

फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच दिवस आला. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चालल्यावर निशिकांतला एक भव्य रांग दिसली आणि त्याचा चेहरा उजळला. तो, मीनल आणि लेक इरा, तिघं उभी राहिली. मीनल कुणाला तरी विचारू म्हणाली, तर विचारणारा माणूस नवखा दिसतो, असं त्याने तिला समजावलं. दोन तासांनी बारा वर्षांच्या इराने नकाशातून डोकं वर काढलं.

“पपा, म्युझियम अदर साइड लाह,” ती अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

ती रांग चर्चच्या घुमटावर चढायची होती. पण दोन तास उभं राहून रांग सोडायची, हे सिंगापूरमध्ये मुरलेल्या माणसाच्या जिवावर आलं. तिघं चढली. साडेचारशेच्या वर पायऱ्या! खाली उतरेपर्यंत मीनलचे गुडघे सुजले होते आणि परतीच्या गाडीला तासभर उरला होता.  रोमपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली; त्यापेक्षा निशिकांतला भांडण परवडलं असतं.

व्याख्यान मात्र डोक्यावर होतंच. त्याने लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणून रट्टा मारला. बिशानच्या कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. पडद्यावरच्या फोटोंत पूल झाला, गल्ल्या झाल्या, घुमट तर सर्व बाजूंनी झाला. संग्रहालयात फोटोला बंदी असते, हे सांगताना त्याला त्या बंदीबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली. मग तो देवीच्या केसांवर, वाऱ्यावर, शिंपल्यावर पाच मिनिटं बोलला. लोक तल्लीन झाले.

शेवटी पहिल्या ओळीतल्या सुलेखाताईंनी साधा प्रश्न विचारला. चित्र आहे केवढं? निशिकांतचे हात आधी टीव्हीएवढे पसरले, मग दाराएवढे झाले.

“अगं मीनल, तूच सांग,” ताई म्हणाल्या. “तू तर चित्रकलेची.”

मीनल उठली. “मोठं आहे, ताई. खूपच...” ती म्हणाली. त्याची लाज राखायला ती न पाहिलेल्या चित्राचं माप सांगत होती. निशिकांतला ते बघवेना.

“आम्ही ते पाहिलंच नाही,” तो म्हणाला. “माझ्यामुळे. मी हिला भलत्याच रांगेत उभं केलं.”

त्याने सगळं सांगितलं. हॉल इतका हसला की शेवटी मीनलही हसली. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा जाणार आणि या वेळी तिकिटं मी काढणार, असं तिने तिथेच जाहीर केलं. निशिकांतने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

मग साबुदाणेवडे आले. निशिकांतच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि भूक कडकडून लागली होती. हॉलमध्ये दोन रांगा होत्या. एकीत चार माणसं, दुसरी पार दारापर्यंत. त्याचे पाय आपोआप लांब रांगेकडे वळले. वीस मिनिटांनी तो टेबलापाशी पोचला, तर समोर वडे नव्हते. वही घेऊन मीनल बसली होती, आणि वहीवर लिहिलं होतं ‘फ्लॉरेन्स सहल, जून २००७’.

तिने पेन उचललं आणि यादी बोटाने मोजली.

“पंचवीसच जागा होत्या हो,” ती म्हणाली. “तुम्हाला वेटिंगवर घालते.”