योगेंद्रची थंडी

मेहरूण भागातल्या घरात कूलर सुरू झाला की योगेंद्र उठून तो बंद करायचा. बाहेर जळगावचा मे महिना आणि हा गृहस्थ गोधडीत.

"अहो, इथे माणसं भाजून निघालीत, आणि तुम्हाला थंडी?" रूपा म्हणाली.

"वाजते थंडी. त्याला मी काय करू?"

शेवटी उशी उचलून तो हॉलमध्ये झोपायला गेला. खरं तर त्याला सुटल्यासारखं झालं. गेल्या वर्षभरात बायकोजवळ जावंसं त्याला वाटलंच नव्हतं. ठिबक सिंचनाच्या दुकानातून आला की जेवणाआधीच डोळे मिटायचे. चेहरा सुजलेला, वजन वाढलेलं. चाळिशीतच आपण संपलो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण हे रूपाला सांगण्यापेक्षा कूलरवरून भांडणं सोपं होतं.

त्याने सांगितलं ते दुकानातल्या प्रेमराजला.

"भाऊ, ही टेस्टोस्टेरॉनची भानगड. पुरुषाची ताकद त्याच्यात असते," प्रेमराज इकडेतिकडे बघत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कॅप्सूलची डबी घेऊन आला. डबीवर उधळलेला घोडा होता.

योगेंद्रने ती कपाटात स्वेटरच्या घडीत लपवली. मे महिन्यात स्वेटरला कोण हात लावणार? पण नवऱ्याला थंडी वाजते म्हणून रूपानेच मायेने स्वेटर बाहेर काढला, आणि घोडा फरशीवर पडला.

"हे कशाला?"

योगेंद्रने वाकून डबी उचलली.

"बरं, कोणासाठी ते तरी सांगा. मी तर आत एकटीच झोपते."

'मला बरं नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तो म्हणाला, "प्रेमराजची आहे ती."

रूपाने तिथल्या तिथे प्रेमराजला फोन लावला. त्याची बायको शेजारीच बसलेली असावी.

"छे छे वहिनी! मला असलं काही लागत नाही. भाऊंनीच मागवली."

संध्याकाळच्या गाडीने रूपा माहेरी, शिंदखेड्याला निघून गेली.

डबी संपली, घोडा काही हलला नाही. तेव्हा कुठे योगेंद्र डॉक्टरीणबाईंकडे गेला. रक्ताचे रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "टेस्टोस्टेरॉन कमी आहे खरं. पण मूळ दुखणं गळ्यात आहे. थायरॉईड मंदावलंय तुमचं. थंडी, सूज, झोप, आणि तेही, सगळं त्याच्यामुळेच."

"थायरॉईड तर बायकांना होतं ना?"

"गळा पुरुषांनाही असतो."

"मग ताकदीचं इंजेक्शन..."

"ते नको. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या. थायरॉईड ताळ्यावर आलं की बाकीचंही बहुतेक सुधारतं. काही महिने धीर धरा, मग पुन्हा तपासू."

रविवारी तो शिंदखेड्याला गेला. सासरे चुडामण नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. सासूबाई, सुंदरबाई, शेंगा फोडत होत्या. रूपा दाराआड.

"काय भानगड शे, जावईबापू? खरं सांगा," नाना म्हणाले.

योगेंद्रने मान खाली घालून सगळं सांगितलं. शेवटचं भिंतीकडे बघत म्हणाला, "रूपात काही कमी नव्हतं. मलाच सांगायची लाज वाटली."

रूपा बाहेर आली. "वर्षभर मी आरशात बघत होते," ती म्हणाली, "माझंच काय बिघडलं म्हणून." योगेंद्रला वर बघवेना.

नानांनी अंगावरची शाल ओढून घेतली. इतक्या उन्हात शाल! घसा खाकरून ते म्हणाले, "मले बी अशीच थंडी वाजस. झोप बी तशीच येस. त्या डॉक्टरीणनं नाव काय शे?"

"नाना, तुम्हाला हे कधीपासून?" योगेंद्रने विचारलं.

"कितला साल व्हयनात, ध्यान नही."

सुंदरबाईंचे हात थांबले. कित्येक वर्षं नानांची खाट ओट्यावर होती, आणि त्यांची माजघरात.

"अन् मले वाटे, तुम्ही मना राग करतस," त्या हळूच म्हणाल्या.

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. "मले वाटे, तू मना राग करस."

सुंदरबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. टरफलं भांड्यात पडत होती, आणि दाणे जमिनीवर.